दुमडलेली दीड वीत

अँटेनाच्या वायरचे टोक कापून न टाकता मागे दुमडून त्याच वायरला घट्ट गुंडाळले, तर तो दुमडलेला भाग लांबीत धरायचा की नाही? या एका प्रश्नाचे उत्तर नोंदवून ठेवावे, एवढ्याच हेतूने मी हे लिहायला घेतले. प्रश्न लहान आहे. उत्तर मला एका संध्याकाळी माझ्याच अंगणात मिळाले. त्याच दिवशी सकाळी मी एका माणसाला चारचौघांत चुकीचे ठरवले होते, आणि उत्तर मिळाल्यावर अकरा आठवडे ते कोणाला सांगितले नाही. त्यामुळे नुसते उत्तर लिहून भागणार नाही.

मी पुसदच्या एका शाळेत एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे नोकरीच्या मध्यापासून आहे. ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लहान रेडिओ, बॅटरी आणि वायरचे एक भेंडोळे पिशवीत घालून आम्ही टेकडीवर किंवा नदीकाठी जातो. दोरीला दगड बांधून ती झाडाच्या फांदीवरून टाकतो, वायर वर ओढतो आणि दूरच्या माणसाशी बोलतो. मध्ये मोबाइलचा मनोरा नसतो. वायर फार उंच नसली तर लहरी बऱ्याचशा वर जातात आणि आकाशातल्या थरावरून परत खाली येतात. त्यामुळे उमरखेडहून यवतमाळसारखे शंभरेक किलोमीटरचे अंतर, जे सरळ रेषेत डोंगर अडवतात, ते दिवसा सहज पार होते.

अँटेना म्हणजे दोन समान वायरी. मध्ये त्या केबलला जोडायच्या, बाहेरची टोके नायलॉनच्या दोरीने ताणून बांधायची. लांबीचे सूत्र मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आहे: १४३ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळेल. आम्ही ७.१ वर बोलतो. उत्तर २०.१४. म्हणजे प्रत्येक बाजू दहा मीटर सात सेंटिमीटर. हे दोन आकडे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. माझी अडचण तीच होती.

ज्यांच्याविषयी लिहीत आहे त्यांना मी आणि सगळे गाव मिस्त्री म्हणतो. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत त्यांचे मोटार भरण्याचे दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरमधल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी शेतकरी त्यांच्याकडे आणतात. ते जुनी तार उपसून काढतात, नवी तार वेढे मोजून भरतात, वेढ्यांची टोके सुती दोऱ्याने आवळतात आणि वरून वार्निश देतात. वयाने ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. एकदा मी पंखा घेऊन गेलो असता माझ्या पिशवीतली रेडिओची कॉइल त्यांना दिसली. त्यांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सर, हे कोणत्या मोटारीचं हाये? एवढे कमी वेढे!" तिथून सुरुवात झाली. मग ते दर रविवारी सकाळी माझ्या घरी परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला येऊ लागले. पुस्तक इंग्रजी होते. मी वाचून मराठीत सांगायचो, ते वहीत चित्रे काढायचे.

आम्ही पाच परवानाधारकांचा एक छोटा गट आहे. तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, शेजारच्या उमरखेड तालुक्याच्या एका अधिकाऱ्यांनी आम्हाला बोलावले. पैनगंगेला पूर आला की काठच्या तीन गावांचे फोन बंद पडतात. अशा वेळी तुमच्या रेडिओने निरोप यवतमाळला पोहोचतो का, ते नदीकाठी प्रत्यक्ष दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते. मी सुचवले की अँटेना मिस्त्रींनी बनवावी. प्रयोग जमला तर तिन्ही गावांसाठी तेच बनवतील आणि गावातल्या दोघा-तिघांना ती टांगायलाही तेच शिकवतील, असे अधिकाऱ्यांनी मान्य केले. मी हे दुकानात जाऊन सांगितले तेव्हा मिस्त्री हातातले काम ठेवून उभे राहिले.

"सर, आजवर लोकायनं मले जळालेलंच आणून देल्लं," ते म्हणाले. "नवं काम पह्यल्यांदा भेटून राह्यलं."

मी त्यांना घरगुती वायरिंगची प्लास्टिकच्या आवरणाची वायर दिली, सूत्र दिले, आणि अँटेना तपासायची माझी छोटी पेटीही दिली. ही पेटी जोडली की अँटेना नेमकी कोणत्या वारंवारतेवर बसली आहे ते पडद्यावर दिसते. आठ दिवस ते दुकानामागच्या मोकळ्या जागेत, विजेच्या तारांपासून लांब असलेल्या कडुनिंबावर वायर चढवत-उतरवत होते. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ते अँटेना आणि पेटी घेऊन घरी आले. मी तेव्हा अधिकाऱ्यांशी फोनवर बोलत होतो आणि दुसऱ्या हाताने सामानाच्या यादीवर खुणा करत होतो.

"सर, टोकाकडं मी जरासं दुमडलं हाये दोन्हीकडं. ते काहून, तं…"

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "हो, हो. उद्या गाडीत बोलू."

त्यांनी मान हलवली, भेंडोळे पडवीत खुर्चीवर ठेवले आणि गेले.

जेवण झाल्यावर मी भेंडोळे उलगडले. दोन्ही टोके मागे दुमडून वायरला पीळ देऊन बसवली होती. वरून सुती दोऱ्याने आवळून वार्निश दिले होते, थेट मोटारीतल्या वेढ्यांसारखे. मी पोलादी टेप काढला. मध्यापासून दुमडीपर्यंत नऊ मीटर त्र्याहत्तर. चौतीस सेंटिमीटर कमी. दुमड उलगडून धरली तर बरोबर दहा मीटर सात.

माझे निदान क्षणात झाले. अशी चूक मी मुलांच्या हातून कितीदा पाहिली होती: दोरी बांधायला फास हवा, म्हणून मापाच्या वायरीतूनच फास काढायचा. फासासाठी वायर जास्तीची घ्यावी लागते, हे विसरायचे. मी ब्लेडने दोरा कापला, पीळ सोडवला, वायर बोटांनी चेपून सरळ केली आणि अगदी टोकाशी दोरी बांधली. पुन्हा मोजले. दोन्हीकडे दहा मीटर सात. उत्तरपत्रिका तपासून बाजूला ठेवताना वाटते तसे समाधान मला वाटले. तपासायची पेटी तीन हातांवर होती. ती मी उघडलीही नाही. आकडा जुळला होता.

सकाळी गाडीत बोलणे झाले नाही. मिस्त्री मागच्या बाकावर सामानाशेजारी बसले होते आणि मी पुढे बसून सर्वांना लहरी परतवणारा आकाशातला थर, म्हणजे आयनमंडल, समजावत होतो.

नदीकाठच्या चिंचेवर वायर चढली. अधिकारी, त्यांचे दोन कर्मचारी, आम्ही तिघे आणि मिस्त्री, असे सात जण होतो. गटातले उरलेले दोघे यवतमाळला रेडिओ लावून बसले होते. मी बटण दाबले आणि रेडिओवरच्या मीटरचा काटा तीनच्याही पुढे गेला. म्हणजे अँटेना शक्ती स्वीकारत नव्हती, बरीचशी परत पाठवत होती. अशा वेळी रेडिओ स्वतःला वाचवण्यासाठी आपली शक्ती कमी करतो. यवतमाळहून एक-दोन तुटक शब्द आले. आमचे त्यांना काहीच कळत नव्हते. चाळीस मिनिटे मी तेच तेच वाक्य बोलत राहिलो.

गटातले एक जण पोस्टातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना गप्प बसवत नाही. "मिस्त्री," ते म्हणाले, "कनेक्शन उलटं तं नाही नं केलं? इकडं पाणी यायचं एखांद्या वेळेस."

कर्मचारी हसले. मीही हसलो.

अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी मला विचारले, "सर, नेमकं काय बिघडलं?"

मी वर्गात देतो तसे क्रमाने उत्तर दिले. "रेडिओ काल तपासला आहे. केबल नवी आहे. वायरची लांबी मी स्वतः मोजली आहे, ती अचूक आहे. राहिला मधला जोड. मोटारीत असं सोल्डरिंग खपून जातं, रेडिओत खपत नाही."

मिस्त्री तेव्हा वायर उतरवत होते. एक टोक त्यांच्या हातात आले होते. त्यांनी वायरवरून अंगठा फिरवला. तिथे वार्निशचे तपकिरी डाग अजून होते, दोरा नव्हता. त्यांनी वर पाहिले, माझ्याकडे. ते खजील झाले आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला.

"असू शकते, साहेब," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "जोड मीच केला हाये."

परतीच्या वेळी ते गाडीत बसले नाहीत. उमरखेडात थोडे काम आहे, एसटीने येतो, असे म्हणाले. त्यांना काम नव्हते हे मला कळायला हवे होते. ते भाजीच्या पिशवीशिवाय काही घेऊन आले नव्हते आणि तिथे त्यांच्या ओळखीचे कोणी नाही.

संध्याकाळी मी तो जोड कच्चा असल्याचे सिद्ध करायला बसलो. हे वाक्य जसे आहे तसेच राहू देतो. जोड तापवून नव्याने केला, अँटेना अंगणात चढवली आणि पेटी जोडली. ती ६.८५ वर बसलेली दिसली, ७.१ वर नाही. जोड पुन्हा केला. आकडा हलला नाही. जोड पहिल्यापासून पक्का होता.

मग मला आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा, जे मला माहीत होते ते मी पहिल्यांदाच वापरले. १४३ चे सूत्र उघड्या तांब्याच्या तारेचे आहे. प्लास्टिकचे आवरण असेल तर लहर त्या तारेवर थोडी हळू चालते, आणि त्याच वारंवारतेसाठी वायर शंभरात तीन-चार भाग आखूड लागते. शाळेत आम्ही नेहमी उघडी तार वापरली, त्यामुळे ही ओळ मी फळ्यावर कधी लिहिलीच नव्हती. मी वायर उतरवली, वार्निशच्या डागांवर डाग जुळवून टोके दुमडली, पीळ दिला, पुन्हा चढवली. पडद्यावरच्या आलेखाची खोच, म्हणजे अँटेना बसल्याची खूण, ७.१ वर येऊन थांबली.

पेटी ठेवायच्या डब्यात, तिच्या जोडवायरखाली, वहीचा एक कागद घडी घालून ठेवलेला होता. मिस्त्रींच्या अक्षरात दोन रकाने. एकात दुमड: दोन बोटं, चार बोटं, अर्धी वीत, एक वीत. दुसऱ्यात प्रत्येक वेळी पेटीवर दिसलेला आकडा. आठ दिवसांच्या एकवीस नोंदी. शेवटची नोंद, 'दीड वीत, बराबर', दोनदा अधोरेखित केली होती. खाली लिहिले होते: 'कापली नाही. दुसऱ्या गावात फरक पडला तर सोडता येईल.' वायर जमिनीपासून किती उंच आहे, आसपास काय आहे, यावर आकडा थोडा बदलतो, हे त्यांना मी शिकवले नव्हते. ते त्यांनी निंबाखाली पाहिले होते.

मी तो कागद माझ्या पुस्तकात ठेवला.

त्या रात्रीच फोन करता आला असता. मी ठरवले की हे फोनवर बोलण्यासारखे नाही. रविवारी ते अभ्यासाला येतीलच, तेव्हा नीट समजावून सांगू. समजावून सांगू, हाच शब्द माझ्या मनात होता. ते रविवारी आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मग इतके दिवस का सांगितले नाही, हेही सांगावे लागेल असे झाले, आणि दर आठवड्याला ते दुसरे स्पष्टीकरण पहिल्यापेक्षा अवघड होत गेले.

याहून वाईट जे आहे ते असे. जूनमध्ये गटाची बैठक माझ्या घरी झाली. अधिकाऱ्यांनी दुसरी संधी दिली होती, ती आम्ही विकतची तयार अँटेना लावून पार पाडली होती, आणि तिन्ही गावांसाठी तशाच अँटेना नागपूरहून आणायचे ठरत होते. पोस्टातल्या गृहस्थांनीच विचारले, "अन् मिस्त्रीचं काय? त्याईले बोलवाचं नाही का?"

मी म्हणालो, "त्यांना दुकानातून सवड होत नाही."

हे खोटे होते. मी त्यांना विचारलेच नव्हते. माझ्या मागे कपाटात, पुस्तकात, तो कागद होता. ठराव झाला. मीच तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या दुकानात गेलो. दुकान बंद होते. शुक्रवारी ते नमाजानंतर उघडतात हे मला माहीत असायला हवे होते, इतकी वर्षे मी त्याच गल्लीतून जातो. मी पायरीवर बसलो. थोड्या वेळाने ते आले, टोपी काढून खिशात ठेवली आणि कुलूप उघडत म्हणाले, "या सर. बसा. पंखा आणला का?"

"पंखा नाही," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. दोरा मी कापला, फास समजून दुमड सोडली, पेटी लावली नाही, जोड पक्का होता. सगळे क्रमाने. ते ऐकता ऐकता एका मोटारीतली जळकी तार उपसत होते.

"मले तवाच समजलं होतं, सर," ते म्हणाले. "वायरवर वार्निश होतं अन् दोरा नवता."

"मग तुम्ही तिथे बोलला का नाहीत?"

"साहेबासमोर? तुमाले खाली पाहाले लावून मले काय भेटलं असतं?" त्यांनी तारेचा पुंजका डब्यात टाकला. "मले वाटलं, सर घरी जाऊन पाहतीन. पेटी हाये, कागद ठेवला हाये. दोन दिवसात येतीन. मंग वाटलं, चार दिवसात येतीन."

"अकरा आठवडे झाले."

"मी नाही मोजले बाप्पा. मोजाचं काम तुमचं." ते हसले नाहीत. मग चहावाल्याला हाक मारून दोन चहा सांगितले.

मी क्षमा मागितली. त्यांनी हातानेच राहू द्या अशी खूण केली.

"मले सांगून काय फायदा, सर? मले तं माहीतच होतं. ज्याईले माहीत नाही, त्याईले सांगा नं."

आम्ही चहा घेतला. उठताना मी रविवारी या म्हणालो. ते म्हणाले, "पाहू. हंगाम हाये मोटारीचा." पाऊसकाळात मोटारी कमी जळतात. हे त्यांना माहीत होते आणि मलाही.

पुढच्या बैठकीत मी गटाला सांगितले. जूनमधले खोटेही सांगितले. पोस्टातले गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी आपण त्याईले हासलो…" अधिकाऱ्यांची तोवर बदली झाली होती. मी क्रमांक मिळवून फोन केला. त्यांना प्रयोग आठवत होता. "हो, हो, ज्यांचा जोड खराब निघाला होता ते मिस्त्री ना?" असे त्यांनी विचारले. मी खुलासा केला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि म्हणाले, "असू द्या सर, झालं ते झालं." त्यांच्या आठवणीत आता काय राहील, ते मला सांगता येत नाही. खुलासा एका मिनिटाचा होता. नदीकाठी मी सांगितलेले मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखे लक्षात ठेवले होते.

तिन्ही गावांत विकतच्या अँटेना लागल्या. मिस्त्रींनी परीक्षा दिलेली नाही. त्यांचा कागद मी परत करायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "ठेवा तुमच्यापाशी, मले पाठ हाये." रस्त्यात भेटले की अजूनही सर म्हणतात, मुलांची चौकशी करतात. रविवारी सकाळी मी पडवीत दोन खुर्च्या टाकत नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. दुमडलेला भाग मूळ वायरला घट्ट पिळून बसवला असेल, तर तो लांबीत जवळजवळ धरायचा नाही. अँटेना दुमडीपाशी संपली असे समजायचे. 'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे की नेमकी तिथेच कापलेली वायर आणि तिथेच दुमडलेली वायर यांत एखाद्या-दुसऱ्या बोटाचा फरक मला दिसला. दुमड सैल सुटून लोंबू लागली तर मात्र हिशेब बदलतो. कापलेले परत जोडता येत नाही, दुमडलेले सोडता येते. म्हणून नव्या जागी आधी दुमडावे. हे सर्व मिस्त्रींच्या एकवीस नोंदींमध्ये आहे. माझी भर फक्त कापून पाहण्याची.

त्या दिवशी चिंचेखाली सात माणसे होती आणि तपासायची पेटी गाडीत होती. कोणी ती मागितली नाही, कारण लांबी अचूक आहे असे मी सांगितले होते आणि मी शिक्षक होतो. तेव्हा वाचकांना विनंती आहे की वर लिहिलेले माझ्या शब्दावर घेऊ नका. विजेच्या तारांपासून दूर एक झाड पाहा, वायर टांगा, टोके दोन-दोन बोटे दुमडत जा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा. कृपया स्वतः तपासून पाहा.